शाळा सोडण्याचे कारण

सेंट फ्रिड्सवाइड. हे नाव पुण्यात कुणाच्या जिभेवर
कधी धड बसलं नाही.
टांगेवाले म्हणायचे, फिरदोसबाईची शाळा,
आणि पारशी मुली खुशीत मान डोलवायच्या.

मी तिथली कारकून, एस्तेर अमोलिक. मे महिन्यात सुटणार.
त्याआधी एकोणीस दाखल-रजिस्टरं
कॉम्प्युटरात घाला, असा मोठ्या बाईंचा हुकूम.
कातडी पुठ्ठे, कसर लागलेली पानं.
उघडली की आधी शिंका, मग इतिहास.

मी शेवटचा रकाना आधी वाचते.

पहिल्या पानावर सात मुली, साती खडकीच्या छावणीतल्या,
बाप गनर, सार्जंट, एक बँडमास्टर.
रेजिमेंट क्वेट्ट्याला. रेजिमेंट रंगूनला.
म्युरिअल टॉड : आई वारली, बापाने नेली.
शाईचा डाग. पुन्हा रेजिमेंट.

सत्त्याण्णव साली एकदाच लिहिलंय, प्लेग.
त्याखाली पानभर नुसत्या दोन-दोन रेघा,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.
सिस्टरला तो शब्द पुन्हा लिहवला नाही
की शाईची काटकसर होती, देव जाणे.

मग नावं मिसळायला लागतात.
लेआ नागावकर. खोर्शेद सुखिया.
अकरा साली उमा खासगीवाले,
शेऱ्यात : डबा घरचा, पाणीही घरचं.
वय तेरा. कारण लग्न.
पुढे समासात कुणीतरी बारीक अक्षरात,
कुणी विचारलं नसताना :
गणितात पहिली.

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस : होमला गेली. होमला गेली.
ज्यांचं होम घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये होतं,
ज्या दप्तरात लसणीची चटणी लपवून आणायच्या,
त्याही गेल्या,
लोकरीचे कोट उसने घेऊन.

एकसष्टच्या जुलैत एकही नोंद नाही.
पानशेत फुटलं तेव्हा पेठांतली दोनशे माणसं
हॉलमध्ये निजली, चॅपलमध्ये निजली.
एका बाईंनी वेदीच्या पायरीवर
आपले ओले देव वाळत मांडले,
आणि फादर बिडव्यांनी ते एकेक उचलून
वारा लागेल असे खिडकीशी ठेवले.
ही माणसं कधी दाखल नव्हती,
म्हणून सोडून गेल्याचंही लिहिलेलं नाही.

सत्तरात चर्चचं नाव बदललं, पाटी रंगवली.
प्रार्थना तीच. राजासाठीची तेवढी
आधीच गळून गेली होती.

एक पान मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.
रजिस्टर अकरा, अनुक्रमांक चौदाशे बारा.
दयामणी. वडिलांचं नाव : आडवी रेघ.
पालक : मार्था, बोर्डिंगची आया.
फी माफ. आठवीत सोडली.
कारण : नोकरी, याच शाळेत.

ही माझी आई.

वर्गाच्या दारातून निघाली ती
इस्त्रीच्या खोलीत शिरली. मधे वीस पावलं, मी मोजली आहेत.
चाळीस वर्षं कोळशाची इस्त्री फिरवता फिरवता
खिडकीतून ऐकू येणाऱ्या इंग्रजी कविता
तिने नुसत्या कानांनी पाठ केल्या,
आणि संध्याकाळी अर्थ मला विचारायची.
मी नववीत, त्याच शाळेत, माफ फीवर.
मला येत असायचा. मी म्हणायचे, माहीत नाही,
मैत्रिणी जवळ असल्या की.

कॉम्प्युटर चारच कारणं देतो.
बदली. उत्तीर्ण. फी थकबाकी. इतर.
रेजिमेंट बदलीत बसली. होमसुद्धा, जरा दाबून.
प्लेग, उमाचं लग्न, म्युरिअलची आई : इतर.

चौदाशे बारावर तीन दिवस अडले आहे.
रकाना मोकळा सोडला
तर यंत्र पुढे सरकू देत नाही.

इस्त्रीच्या खोलीत आता झेरॉक्स मशीन आहे.
दुपारी दाखल्यांच्या प्रती काढून काढून तापतं
आणि थोडासा तसाच वास येतो,
कॉलर करपायच्या आधी यायचा तसा.